तेराव्याच्या दानातलं तेल

जळक्या तेलाच्या शेगडीचं एक असतं. तिची सफाई दुसऱ्यावर सोपवता येत नाही. संध्येला मी अनेकदा चाट दिली आहे, त्यावरून वडिलांची बोलणी खाल्ली आहेत. पण शेगडीची वाटी खरवडायला चुकलो नाही. या, असे जवळ सरकून बसा आणि तो कंदील जरा बारीक करा. त्या हिवाळ्यात काय झालं ते सांगतो. मात्र आवाज खाली ठेवू या, कारण हा विषय निघाला की आमची पद्मा उठून खिडक्या लावत सुटते.

लढाईचे दिवस होते. जानेवारीतल्या ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. दुपार झाली तरी धुक्यातून किल्ला डोकं वर काढत नाही. अशा थंडीत आम्हाला मुलगा झाला, तोही वेळेच्या बराच आधी. एवढासा जीव, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पूजेच्या ताम्हनात मावला असता. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की खोली सतत ऊबदार राहिली पाहिजे, आणि कोळशाची शेगडी मुळीच नको, धुराने पोर गुदमरेल. एकदा का गारठा छातीत बसला, की मग माझ्या हातात काही नाही, असंही त्या म्हणाल्या. ते ऐकल्यापासून पद्मा पोराला पदराखालून बाहेर काढेना.

मी बिजलीघरात इंजिनांवर देखरेखीला होतो. तिथल्या भंगारात एक छोटी विलायती शेगडी पडली होती. डिझेलवर चालणारी, पण इंजिनातून काढून टाकलेलं काळं तेलही गोड मानून घेणारी. भिंतीला टाकी, टाकीतून निघालेली तांब्याची बारीक नळी, नळीला तोटी आणि खाली लोखंडाची वाटी. वाटीत तेल थेंबथेंब पडतं आणि जळत राहतं, धूर पत्र्याच्या नळकांड्यातून खिडकीबाहेर जातो. वरच्या साहेबांना विचारून मी ती गोरखीजवळच्या आमच्या बिऱ्हाडी आणली आणि बाळंतिणीच्या खोलीत बसवली.

तिची मर्जी राखायची रीत सोपी आहे. तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. त्यातलं पाणी तळाला बसू द्यायचं, नाहीतर वाटीत फोडणीसारखं तडतडतं. वाटीतली काळी खपली रोज खरवडायची, नळीतून तार फिरवायची, नळकांडं ठोकून काजळी झाडायची. आणि वाटी गरम असताना वरून तेल ओतायचं नाही, भुवया जातात. माझ्या गेल्या होत्या. बारशाला आलेल्या बायका माझ्याकडे बघून उगाच हसत नव्हत्या.

सगळं ठीक चाललं होतं आणि तेल संपलं. लढाईमुळे बिजलीघरातलं काळं तेलसुद्धा गाळून पुन्हा इंजिनात जाऊ लागलं. मिट्टीचं तेल दिव्यापुरतंच मिळे. मी रिकामी टाकी हलवून बघत होतो, आणि पद्मा काही न बोलता माझ्याकडे बघत होती. तिचं ते बघणं मला सहन होईना.

तेवढ्यात फूलबागेजवळचे सरदार जयसिंहराव वारले.

तेवढ्यात म्हणणं वाईट दिसतं, पण तसंच झालं खरं. सरदार म्हणजे घोडे विकून मोटार घेतलेला माणूस. स्वतः चालवायचे, ड्रायव्हर ठेवला होता तो शेजारी बसून घाबरायला. माझे वडील अण्णा त्यांचे उपाध्ये. तेराव्याला पलंग, गादी, छत्री, जोडे असं दान मिळालं. अण्णा म्हणाले, पुढची वाट लांबची आहे, सरकारांना वाहन पाहिजे. अण्णांच्या मनात गाय होती. पण सरदारांचे चिरंजीव मल्हारराव चार पाहुण्यांसमोर फुशारकीने बोलून बसले, "आबासाहेबांची मोटारच दान देतो!"

पाहुणे गेल्यावर त्यांना शुद्ध आली. मग त्यांनी मोटारीतलं तेल काढून पत्र्याच्या डब्यात भरलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि अण्णांसमोर सरकवलं. "अण्णा, मोटारीचा प्राण म्हणजे तेल. प्राण दिला, तर मोटार दिलीच ना?"

अण्णांना मोटारीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे ती अंगावर आल्यावरच कळे. मल्हाररावांनी पाणी सोडलं आणि त्यांनी डबा घेतला. घरी आल्यावर मला म्हणाले, "बघ रे लक्ष्मीकांत, तुझ्या कामाचं आहे का. पण दानाची वस्तू आहे, फिजूल घालवू नकोस. आपण जे वापरतो, ते तिकडे सरकारांना पोचतं."

मी तर नाचायचा राहिलो. डबाभर काळं, दाट तेल! गाळलं, निवळू दिलं, टाकीत भरलं. तेरा दिवस गरम पाण्याच्या बाटल्यांवर काढलेल्या पोराची खोली पुन्हा गरम झाली आणि पद्मा माझ्याशी बोलू लागली.

पहिल्या दिवशी खोलीत हिन्याच्या अत्तराचा वास आला. मी समजलो, कुणी बाई भेटायला येऊन गेली. दुसऱ्या दिवशी शेगडी गुरगुरू लागली, म्हणजे अगदी चढावर मोटार गुरगुरते तशी. नळीत तार घातली तर तुळशीचं पान निघालं. गाळलेल्या तेलातून ते कसं गेलं, कोण जाणे. वाटी खरवडली तर खपलीखाली रस्त्याची लाल धूळ होती. मी ती बोटांवर घेऊन बघितली. ग्वाल्हेरात तसल्या रंगाची माती नाही.

त्यानंतरची संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ, खिडकीबाहेर कोहरा इतका की समोरच्या घराचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग. पद्माचा पोराला कुशीत घेऊन डोळा लागला होता. अण्णा पलीकडच्या खोलीत संध्या करत होते. वाटी साफ करून मी शेगडी नुकतीच पेटवली होती आणि तोटी फिरवत थेंब मोजूनमापून सोडत होतो.

खालून हॉर्न वाजला. पों... पों...

आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही. हातगाडी शिरली तरी भांडण होतं.

मग जिन्यावर जड बूट वाजले. दार लोटलेलंच होतं, ते लोटलेलंच राहिलं, आणि सरदार जयसिंहराव आत उभे होते. अंगात हिन्याच्या वासाचा लांब कोट, कपाळावर वर सारलेला मोटारीचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत वर आणि दोन्ही हात काळेकुट्ट. उजव्या हातात पाना होता. भ्यालो म्हणजे किती, की तोटी बंद करायचं सुचलं नाही, आणि वाटीत भलतंच तेल सांडलं.

"आधी ती तोटी बघ," सरदार हळूच म्हणाले. "भडका होईल... पोर आहे खोलीत."

मी तोटी फिरवली.

"माझं तेल... कोण जाळतंय?"

"मी, सरकार..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "दानात... मिळालं होतं."

"इंजिन जाम झालं रे. तू इथे जाळतोस, ते तिकडे जळूनच पोचतं." ते अण्णांच्या दानाच्या पलंगावर टेकले, पलंग जराही वाजला नाही. "वैतरणीच्या उतारावर उभा आहे. पुढे जात नाही, मागे येत नाही. माझ्या मागून आलेले लोक गाईची शेपटी धरून पार झाले. आमच्याच पागेतला मोतद्दार मला मुजरा करून पुढे गेला. आणि मी, सरदार जयसिंहराव, बॉनेट उघडून..."

मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता.

ते उठले आणि तोटीकडे हात नेला. "बंद करतो. उरलेलं तेल राहू दे मला."

ज्योत खाली बसली. खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा पसरला, आणि पद्माच्या कुशीत पोर कण्हलं. अगदी बारीक आवाज, मांजराच्या पिलाचाही त्याहून मोठा असतो. त्या आवाजाने माझी भीती कुठल्या कुठे गेली. मी तोटीवर हात ठेवला. सरदारांचा हात माझ्या हातातून आरपार तोटीपर्यंत पोचला होता, आणि हाड गोठतं म्हणजे काय ते मला समजलं. पण मी हात काढला नाही.

"सरकार, माफी असावी. हे तेल नाही जाळलं तरी आपल्या उपयोगाचं नाही. मी इंजिनांवर काम करतो. हे वापरून मेलेलं... म्हणजे संपलेलं तेल आहे. हे घातलं तर चालतं इंजिनही जाम होईल."

"संपलेलं?" ते वाकले. वाटीत बोट बुडवलं, आगीतच, आणि बोट चोळून बघितलं. "हे कुणी दिलं?"

"मल्हाररावांनी."

त्यांनी बोट कोटाला पुसलं. "तेल बदलायची वेळच झाली होती गाडीची," ते म्हणाले. "मीच त्याला सांगून गेलो होतो. आठवणीने बदल म्हणून..."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची दया आली. मेलेल्या माणसाचा चेहरा इतका पडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"कुणाशी बोलून राहिलास रे?" म्हणत अण्णा आत आले. हातात पळी-पंचपात्र. त्यांनी सरदारांना बघितलं. पंचपात्र पडेल असं मला वाटलं, पण अण्णा जुने उपाध्ये. त्यांनी ते नीट खाली ठेवलं, मगच हात जोडले.

"सरकार... स्वारी इकडे कशी?"

"अण्णाशास्त्री, मला चांगलं तेल पाहिजे. आत्ता. नाहीतर जे आहे ते मी घेऊन जातो."

घरात तेल होतं कुठे? आणि मग मला फळीवरची बाटली दिसली. बाळंतिणीच्या खोलीत जी असतेच, ती. एरंडेलाची.

"सरकार, एरंडेल चालेल?"

सरदारांचे डोळे चमकले. "एरंडेल? अरे, शर्यतीच्या गाड्यांत तेच घालतात! दे!"

मी पाणी सोडून बाटली अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णांनी मंत्र म्हटला, मध्ये कुठेतरी चुकले. आम्ही तिघे थांबलो. खाली काहीच झालं नाही.

"पोचलं नाही," सरदार म्हणाले. "आपण वापराल तेव्हा पोचेल ना, शास्त्रीबुवा?"

"हो हो," अण्णा घाईने म्हणाले. "अंगाला चोळतो की."

"मोटारीच्या अंगाला काय करायचंय? पोटात पाहिजे."

अण्णांनी बाटलीकडे बघितलं. बाटली भरलेली होती. मग माझ्याकडे, मग सरदारांकडे. तेवढ्यात पोर पुन्हा कण्हलं. अण्णांनी जानवं कानाला लावलं, म्हणजे पुढचं सगळं त्यांना दिसत होतं, डोळे मिटले आणि बाटली तोंडाला लावली. वडिलांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

अर्धी बाटली संपली तेव्हा खाली धुक्यात काहीतरी खोकललं. तीन चतुर्थांश झाली आणि इंजिन सुरू झालं. शेवटच्या घोटाला ते असं सुरेख चालू लागलं, की बिजलीघरातल्या माझ्या एकाही इंजिनाचा तसा आवाज नाही.

"शाब्बास, भटजी!" सरदारांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. शेगडीकडे बोट केलं. "हे काळं तेल पोराला राहू दे."

जिन्यावर बूट वाजले, हॉर्न वाजला. पद्मा दचकून उठली आणि म्हणाली, "अगं बाई, आपल्या गल्लीत मोटार?" आवाज फूलबागेकडे गेला, चढ चढावा तसा वर वर गेला आणि विरला. अण्णा मात्र तो संपेपर्यंत थांबले नाहीत. तांब्या घेऊन निघाले ते उजाडेपर्यंत परसातच होते.

शेगडी ढणढण जळत राहिली. सकाळी पोराचे गाल लाल, तळवे गरम, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा ते मोठ्याने, शेजारी ऐकतील असं रडलं. पद्मा हसत होती आणि रडतही होती. मीही डोळे पुसले, सांगायला लाज कसली.

"पण तीट किती मोठी लावलीत हो," ती म्हणाली. "आणि ही कुठली पद्धत, अंगठ्याने?"

मी वाकून बघितलं. पोराच्या कपाळावर काळ्या तेलाचा अंगठा उमटला होता, रुंद, रेषा न् रेषा स्पष्ट. तीट मी लावली नव्हती, आणि मोटार गेल्यावर मी पोराला पांघरूण घातलं तेव्हा कपाळ कोरं होतं. अण्णा तर परसातून आलेच नव्हते. मी बोट लावून बघितलं, तर ती अजून ओली होती.

मोटार गेलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. परत आलेली कुणीच ऐकली नव्हती.