दीपस्तंभाची पायरी

तो खिळा मी ठोकला होता, माझ्या बायकोच्या, शांतीच्या फोटोसाठी. काँक्रीटची भिंत, दोन-चार खिळे वाकले तेव्हा एक बसला. आणि तिचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोच माझ्या मुलाने, ऋत्विकने, फोटो उतरवून त्याच खिळ्यावर दीपस्तंभाचं चित्र टांगलं.

मी गावाला, गडबला, शेतावर गेलो होतो. रोह्याला परत आलो, दारात ऋत्विकच्या बुटांना अडखळलो. त्याची लहानपणापासूनची खोड, नाड्या सोडायच्या नाहीत, टाच दाबून बूट काढायचे आणि सोडायचे तिथेच. शांती त्यावरून रोज ओरडायची. आत पाहतो तर हॉलमध्ये समुद्र.

फोटो कुठाय, मी विचारलं. माळ्यावर, म्हणाला, नीट गुंडाळून ठेवलाय.

"येणाऱ्या माणसाला दारातच हार घातलेला फोटो दिसतो, बाबा. सारखं सुतक असल्यासारखं वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी गप्प बसलो, कारण जे तोंडातून निघालं असतं ते परत आत घेता आलं नसतं.

हा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बिल्डर लिफ्ट देणार होता, तिच्या जागी अजून प्लायवूड ठोकलेलं आहे. शांतीचे गुडघे पार गेलेले. गडबच्या घरात तिला उंबऱ्याशिवाय काही चढावं लागत नव्हतं, पण मुलाने आग्रह केला म्हणून आम्ही इथे आलो. ती प्रत्येक मजल्यावर थांबायची, भिंतीला हात टेकून दम खायची. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि तिथेच बसली, ती उठलीच नाही. मी गावाला होतो. ऋत्विक वर घरातच होता, लॅपटॉप उघडून.

तेराव्याला माझी सून मनाली रडता रडता बोलून गेली. आईंचा जिन्यातून फोन आला होता, कुणीतरी हाताला धरायला या म्हणून. ऋत्विक तिला म्हणाला होता, "पाच मिनिटं थांब, कॉल चालू आहे."

ती पाच मिनिटं मी तेव्हापासून गिळून बसलो होतो.

चित्र वाईट नव्हतं, हाच तर राग. काळा कातळ, त्यावर शेवाळ, गंजलेला कठडा, चुन्याचे पोपडे निघालेला पांढरा दीपस्तंभ. टोकाला दिव्याची काचेची खोली, खाली जिन्याच्या दोन खिडक्या, तळाशी बंद दार आणि दगडी पायरी. भर दुपारचं ऊन. पेणचा मोरू नावाचा कारागीर गणपतीचा सीझन संपला की अशी चित्रं काढतो. ऋत्विकने त्याच्याकडून फ्रेमसकट आणलं होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला मनालीने गॅलरीत तुळशीपुढे निरांजन लावलं, आणि चित्रातली खालची खिडकी पिवळी दिसली. मला वाटलं, समोरच्या मेडिकलच्या पाटीचा उजेड. पडदा ओढला, तरी पिवळीच. मी जन्मभर कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो, असल्या चमत्कारांवर माझा विश्वास नाही. चित्र उतरवून मागचा पुठ्ठा सोडवला. ना वायर, ना सेल. नुसता कॅनव्हास. त्या खिडकीमागे मात्र तो हाताला कोमट लागला.

मनाली म्हणाली, रंगच तसा असेल, बाबा. नव्या रंगांचं काही सांगता येत नाही.

काही दिवसांनी खालची खिडकी विझली आणि वरची लागली. तो उजेड एकसारखा नव्हता. मधेच मंद व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा सावरायचा. पुढे रोज संध्याकाळी तिथेच. वर काही सरकेना.

मग मला चपला दिसल्या. दीपस्तंभाच्या पायरीवर, बायकी, निळ्या पट्ट्यांच्या. डावीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. तो दोरा मीच ओवला होता, गडबच्या ओटीवर बसून, आणि टाके वाकडे आले म्हणून शांती हसली होती.

खिडकी उजळलेली असतानाच चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत पेण गाठलं. मला वाटत होतं, ऋत्विकने आणि या माणसाने मिळून माझी थट्टा मांडली आहे. मोरू ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्तींमध्ये बसला होता. मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.

"दुपारचं चित्र हाय, काका," तो म्हणाला. "दुपारी खिडकीत उजेड कशाला दावीन मी? आन् पायरी रिकामी होती. ही बघा."

विकायच्या आधी त्याने स्वतः काढलेला फोटो दाखवला. पायरी रिकामी होती.

"वर्षभर देवाचं डोळं काढायचं, म्हणून सुट्टीला असली चित्रं काढतो. ज्यात कुणी नाय अशी." मग हळूच म्हणाला, "कुणाच्या चपला हायेत ह्या?"

मी मोबाइल खिशात टाकून निघालो. परतताना एसटी वडखळला अडकली. समोर ट्रकांची रांग, आत उकाडा, आणि मी मनातल्या मनात मुलाशी भांडत होतो. आज तोंड उघडायचंच. तुझी आई जिन्यात बसून वाट बघत होती, आणि तू तिला भिंतीवरूनही उतरवलंस.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मनाली स्वयंपाकघरात होती, ऋत्विक अजून यायचा होता. मी माळ्यावरून शांतीचा फोटो काढला, धोतराने पुसला, सोफ्यावर ठेवला. खुर्चीवर चढून चित्राला हात घातला. वरची खिडकी उजळलेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. ऋत्विकचा होता.

"बाबा, खाली या. दुसऱ्या मजल्यावर आहे मी. लाईट गेलीय इथली." त्याचा आवाज लहानपणी ताप चढायचा तेव्हा व्हायचा तसा झाला होता. "कुणीतरी बसलंय इथे. हात मागतंय."

मी खुर्चीवर उभा होतो. एक हात चित्रावर. इतके महिने गिळलेलं सगळं वर आलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

"पाच मिनिटं थांब," मी म्हणालो.

फोन पालथा ठेवला.

हाताखाली चित्राची चौकट गरम झाली. वरची खिडकी विझली.

तो माझा मुलगा होता. मी खुर्चीवरून उतरलो की पडलो, आठवत नाही. अनवाणी जिन्यात धावलो, हाका मारत.

दुसऱ्या मजल्यावर लाईट चालू होती. भिंतीशी त्याची ऑफिसची बॅग नीट टेकवून ठेवलेली. बॅगेवर त्याचा मोबाइल, त्यावर माझं नाव. कॉल अजून चालू होता.

मी तळापर्यंत उतरलो. वॉचमन काळुराम म्हणाला, साहेब वर गेले मघाशीच, खाली कुणी आलं नाय.

कठड्याला धरून पुन्हा वर आलो. प्रत्येक मजल्यावर थांबलो. दार उघडंच होतं, आणि हॉलमधला दिवा लावलेला नसताना भिंतीवरून उजेड फिरत होता.

टोकाची काचेची खोली पेटली होती. खालच्या दोन्ही खिडक्या काळ्या.

"आला का ऋत्विक?" मनालीने आतून विचारलं.

पायरीवर निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. त्यांना खेटून बूट, नाड्या बांधलेल्याच, टाचा दाबून काढलेले.