दाराच्या आतली खडूची खूण

"त्याच्या खोलीत पाऊल टाकलंस तर याद राख!" दवाखान्याच्या दारात आप्पांनी लेकीपुढे हात आडवा धरला, आणि ताईने हातातला डबा छातीशी धरला.

"आप्पा, नुसतं लांबून बघते..."

"विमानाची टाकी तपासली असं त्याला खोटंच सांगितलं, चूक माझी, असं तूच लिहून दिलंस ना? मग आता काय बघायचंय? मोडलेलं पोर?"

ताईने डबा त्यांच्या पायाशी ठेवला. तोंड उघडलं असतं तर भावाचं आयुष्य बुडालं असतं!

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत ती दुरुस्तीचं काम करी. उडायचं वेड तिलाही होतं. पण दोघांपैकी एकालाच शिकवणं घराला झेपणार होतं, आणि तिने हसत हातात पाना घेतला. धाकट्या भावाला सगळे पिल्लू म्हणत. उडण्याआधी वैमानिकाने स्वतः टाकीच्या तळातलं थोडं इंधन काचेच्या नळीत काढून उजेडात धरायचं, असा नियम. पाणी मिसळलं असेल तर ते खाली वेगळं साचतं. पिल्लूला सकाळी उठायचा कंटाळा. मग रोज ताईच बघायची आणि विमानाच्या दाराला आतून खडूने खूण करायची.

"ताईची खूण दिसली की आपण डोळे मिटून आकाशात!" तो म्हणायचा. तीही हसायची... वेडी माया!

अपघाताच्या आदल्या दिवशी तिने खूण केली, आणि पावसामुळे उड्डाण रद्द झालं. खूण पुसायची राहिली. विमान रात्रभर पावसात उभं होतं; टाकीच्या सैल झाकणातून पाणी आत उतरलं. सकाळी ती दुसऱ्या विमानाखाली आडवी पडून काम करत होती, तेव्हा पिल्लूने खूण पाहिली आणि तो एकटाच उडाला. झाडांच्या शेंड्यांवर इंजिनाचा आवाज थांबला... तसली शांतता वैऱ्याच्याही वाट्याला न येवो!

कुणालाही न विचारता, नुसती खूण बघून तो उडाला हे कळलं असतं, तर त्याला पुन्हा कुणी उडू दिलं नसतं. म्हणून तिने सगळा दोष स्वतःवर लिहून घेतला. नोकरी गेली, आणि बापही परका झाला.

आठ दिवस ती समोरच्या बाकावर बसून होती. नवव्या दुपारी आप्पा बाहेर आले, एकाच पायात चप्पल.

"शुद्धीवर आलाय. म्हणतो, ताई मला काही बोललीच नव्हती, बघायचं काम माझं होतं... पोरी, तू का गं गप्प बसलीस?"

"त्याचं उडणं गेलं असतं, आप्पा."

"आणि तुझं? तुझं तर मीच थांबवलं होतं!" म्हातारा तिच्यापाशी बसून लहान मुलासारखा हमसू लागला.

"उठा ना, लोक बघतायत."

"बघू देत!"

आत पिल्लूचं पांघरूण डाव्या गुडघ्याखाली सपाट पडलं होतं. ज्या उडण्यासाठी तिने सगळं ओवाळून टाकलं, ते केव्हाच संपलं होतं! आप्पांनी तिच्या हाती पाण्याचा पेला दिला. सवयीने तिने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"इकडे दे, ताई," फुटल्या ओठांनी पिल्लू म्हणाला. "बघायचं काम माझं."

हात हलत होता, पाणी हिंदकळत होतं. तरी त्याने पेल्याचा तळ बराच वेळ न्याहाळला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पी."