दोन चोचींचा पक्षी

"अहो, आमची नाणी खोटी वाटतात का तुम्हाला?"

बेकरीच्या गल्ल्यावरून तिनं विचारलं, तेव्हा त्याच्यामागं रांगेत चार माणसं ताटकळली होती. तो मात्र डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तिनं दिलेले सुटे पैसे उलटत होता, पालटत होता.

"खरी आहेत म्हणून तर बघतोय," तो म्हणाला, आणि भिंगासकट डोळा वर केला. एवढा मोठ्ठा डोळा... तिला हसू आवरेना.

"बाजूला होऊन बघा की राव! पाव गार होतोय," मागून कुणीतरी ओरडलं.

समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तो नव्यानं कामाला लागला होता. त्या दिवसापासून रोज यायचा. घ्यायचा एकच पाव, द्यायचा मोठी नोट. बेकरी आत्याची होती, आणि आत्याच्या नजरेतून पिठातला केससुद्धा सुटत नसे.

"एक पाव नि नोट केवढी! पोरी, या भिंगवाल्याला भूक कसली आहे गं?"

"सुट्या पैशांची, आत्या."

"बरं बाई. सुट्या पैशांची तर सुट्या पैशांची."

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर ऊन मऊ पडलं होतं, तेव्हा त्यानं गुपित सांगितलं. जुन्या नाण्यांवर एक पक्षी असायचा. टांकसाळीत थोड्या नाण्यांवर चुकून ठसा दोनदा बसला, आणि त्या पक्ष्याला चोची दोन झाल्या. शौकीन माणसं अशा नाण्याला म्हणाल ती किंमत मोजतात.

"आणि सापडलं तर काय कराल?"

"तुमच्या शेजारचा बंद गाळा घेईन. माझं स्वतःचं दुकान. तुमची नि माझी भिंत एक..."

"मग?"

"मग दिवसभर पावाचा वास येईल."

"वासानं पोट भरतं वाटतं?"

"पोटाचं कोण बोलतंय?" तो म्हणाला, आणि कान लाल करून निघून गेला. पाव गल्ल्यावरच राहिला.

मग त्याच्या मालकानं दुकान बंद करायचं ठरवलं. दूरच्या शहरातल्या कारखान्यानं त्याला बोलावलं. "या रविवारी निघावं लागेल," त्यानं नाण्यांकडं बघत सांगितलं. "तोवर तो पक्षी मिळाला तर गोष्ट वेगळी."

राहा — एवढंच म्हणायचं होतं तिला. पण ओठांवर आलेलं परत फिरलं, आणि ती म्हणाली, "मिळेल की. मीही शोधते."

गल्ल्यात पडणारं प्रत्येक नाणं ती उजेडाकडं धरू लागली. बोटांना पितळेचा वास, नखांत पीठ. आणि शनिवारी संध्याकाळी, एका आजीबाईंनी मोजून दिलेल्या चिल्लरीत, तव्याच्या बुडासारखं काळं पडलेलं एक नाणं... पक्षी... एक चोच, आणि तिच्या आडून डोकावणारी दुसरी!

हेच ते! असं काळंकुट्ट कसं द्यायचं त्याला? तिनं लिंबू पिळलं, मीठ लावलं, भांडी घासायच्या पावडरीनं मन लावून घासलं. घासता घासता गुणगुणलीसुद्धा. नाणं असं झळकलं, जणू आत्ताच टांकसाळीतून निघालं.

रविवारी सकाळी तो बॅग घेऊन दारात आला. तिनं मूठ पुढं केली, उघडली.

त्यानं भिंग लावलं. बराच वेळ लावलं. खांदे आधी उंचावले, मग हळूच खाली आले.

"कसं चमकतंय ना? रात्री मीच घासलं."

"फार... फार सुंदर," तो म्हणाला. भिंग काढलं तेव्हा डोळा पाणावला होता. "पण हे ते नाही. झिजून रेघ उमटलीय, चोचीसारखी दिसते एवढंच. तुमच्याकडंच राहू दे."

"नक्की?"

"घड्याळजीचा डोळा आहे."

तिनं मान हलवली. त्यानं बॅग उचलली, ठेवली, पुन्हा उचलली... आणि गेला.

महिनाभरानं ते नाणं गळ्यात घालावं म्हणून ती सोनाराकडं भोक पाडून घ्यायला गेली. म्हाताऱ्या सोनारानं ते दिव्याखाली धरलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, दोन चोचींचं आहे हे! पण घासलं कुठल्या शहाण्यानं? जुन्या नाण्याचा तो काळा थरच तर त्याचा मान. घासलं की शौकीन हात लावत नाही. तसंच आणलं असतंस, तर दुकान थाटलं असतंस, पोरी."

तिनं नाणं घेतलं आणि रस्त्यातच त्याला फोन लावला.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली. अहो-जाहो कुठं गळून पडलं, तिलाच उमगलं नाही. "पहिल्या नजरेत कळलं होतं. मग खोटं का बोललास?"

पलीकडं यंत्रांची घरघर. मग तो थोडा बाजूला आला असावा.

"तू इतकी खूश होतीस... म्हटलं, ही जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल."

"आणि नाणं नसतानाही मी राहा म्हटलं असतं तर?"

"राहिलो असतो," तो म्हणाला, जराही न थांबता. "कुणाच्या दुकानाच्या फळीवर बसून घड्याळं दुरुस्त केली असती. त्या रविवारी बॅग उचलताना तुझ्या तोंडाकडं बघत होतो."

"मी तुझ्या भिंगाकडं बघत होते."

दोघं हसले, आणि हसू मध्येच अडलं.

"आता म्हणू? राहा म्हणून?"

"आता इथं तीन वर्षांच्या करारावर सही करून बसलोय, वेडे. आगाऊ घेतलेले पैसे घरी आईच्या औषधाला गेले." त्याचा आवाज खाली आला. "तरी म्हण. मला ऐकायचंय."

रस्त्यावरची माणसं तिला वळसा घालून जात होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि म्हटलं.