थोरलीचा ॲक्सल

थोरलीच्या पुढच्या चाकांचा ॲक्सल झिजला होता, दुसरा हवा होता, म्हणून आम्ही तिघं तिलाच घेऊन डोंगरापलीकडच्या दरीकडे निघालो. थोरली म्हणजे सैन्यानं मोडीत काढलेला सहाचाकी ट्रक. आमच्या ह्यांनी तो हौसेनं घरी आणला, तो लग्नाच्या दोन वर्षं आधी. त्यामुळे नात्यानं ती थोरली आणि मी धाकटी! हे मीच गमतीनं म्हणायचे. पुढे पुढे गंमत कमी होत गेली.

तिच्याच जातीचा एक ट्रक त्या दरीत, नदीच्या पात्रात, कित्येक वर्षं उलटा पडून होता. सोबत माझे दीर होते. ते वेल्डर. त्यांनी जोडलेला सांधा बोटानं चाचपला तरी सापडायचा नाही.

"वहिनी, ही चढावर खोकते, आणि दादा म्हणतो, गाते!" भाऊजी हसायचे.

रस्ता संपला, मग पायवाटही संपली. दगड बाजूला सारत, उकळत्या रेडिएटरला दर तासाला पाणी पाजत आम्ही तिसऱ्या दिवशी काठावर पोचलो. खाली पांढऱ्या गोट्यांच्या पसाऱ्यात ते धूड चाकं वर करून पडलं होतं. ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आमच्या लग्नात मी तो चेहरा पाहिला नव्हता.

गंजलेले बोल्ट सोडवण्यात दीड दिवस गेला. मग थोरलीच्या तोंडाशी बसवलेल्या विंचचा, म्हणजे ओझं ओढायच्या रहाटाचा, तारेचा दोर खाली सोडला. अर्ध्या चढणीवर ॲक्सल खडकाला अडकला. खट्! विंचमधली मऊ पिन तुटली. ओझं डोईजड झालं की आधी ती तुटावी आणि दोर वाचावा, एवढ्यासाठीच ती मऊ असते. ह्यांनी दुसरी बसवली. खट्! तीही गेली. तिसरी नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

ह्यांनी पेटीतून पोलादी बोल्ट काढला.

"दादा, पिन तुटण्यासाठीच असते रे."

"तू आपली झाळकामं कर. मला विंच शिकवू नकोस."

"अहो, ऐका ना त्यांचं," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस!"

भाऊजी पहार घेऊन ॲक्सल उचकटायला उतरले. इंजिन गरजलं. दोर ताणला. सूं सूं वाजू लागला. पिनच्या जागी पोलाद होतं, ते कुठलं तुटतंय?

दोर तुटला! चाबकासारखा उलटा आला! पहार गडगडत खाली गेली आणि भाऊजी गुडघ्यांवर बसले. उजवा हात मनगटापासून लोंबत होता.

मी घसरत खाली गेले. डोक्याचा रुमाल सोडून हात करकचून बांधला. हे कॅबमधून उडी मारून धावले, ते विंचकडे.

"ड्रम शाबूत आहे!" ते वरून ओरडले. "ॲक्सलही अडकलाय तिथेच. दहा मिनिटं द्या, उरलेला दोर पुरेल!"

पात्रातलं पाणी गढूळ होऊन चढत होतं. भाऊजींना खांद्यावर घेऊन मी कशीबशी वर आले, त्यांना कॅबमध्ये कोंबलं आणि स्टिअरिंगवर बसले. थोरली मी तोवर फक्त अंगणात चालवली होती.

"यायचं तर मागे चढा. नाहीतर बसा त्या ॲक्सलला कवटाळून!"

रिव्हर्स टाकला. आरशात हे दिसत होते, अजून दरीकडेच बघत. ट्रक हलला, तेव्हा कुठे धावत येऊन मागे चढले.

उतारभर मी पहिला गिअर सोडला नाही. भाऊजींचे ओठ पांढरे पडले होते. "वहिनी," ते पुटपुटले, "खरंच गाते की ही."

येताना दगड सारून केलेली वाट मोकळी होती, म्हणून दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जीव वाचवला. हात नाही.

पुढच्या वर्षी जुन्या ट्रकांच्या हौशी मंडळींची बैठक आमच्याकडेच भरली. ह्यांनी मोहीम रंगवून सांगितली. "दोर सडका निघाला. तरी हातातोंडाशी आलेला ॲक्सल मी सोडून दिला. माघार घ्यायलाही छाती लागते!" टाळ्या पडल्या. कोणीतरी भाऊजींकडे वळलं.

भाऊजींनी डाव्या हातानं कप सावरला. "हो," ते म्हणाले. "दोरच सडका होता."

दोघंही आता नाहीत, म्हणून सांगते. दोर नवा कोरा होता. मी तिथेच कपबशा गोळा करत होते, आणि मीही काही बोलले नाही.