मानलेलं माहेर

तेजस्वीला पत्रं लिहायची सवय लागली ती नाइलाजानं. नवरा, संदेश, हिमाचलात एका बोगद्याच्या कामावर ड्रिल मशीन चालवायचा. कॅम्पवर रेंज नाही. पंधरवड्यातून एकदा जीप खाली बाजारात उतरली की फोन, तोही गाडी चुकत असल्यासारखा घाईघाईत. मग त्यानंच सुचवलं, "पत्र लिही, टपाल वर येतं." तिला हसूच आलं होतं. आजकाल पत्र कोण लिहितं? पण पोट दिसायला लागलं, सांगण्यासारखं रोज काहीबाही साचायला लागलं, तेव्हा मालगुंडच्या दुकानातून तिनं हिरव्या शाईचं पेन आणि पाकिटांचा गठ्ठा आणला.

लिहायची तरी काय? उकाडा. काढणीला आलेले आंबे. "आई मला उन्हात आमसुलं पसरू देत नाहीत, पण पसरलेली राखायला बरोब्बर बसवतात." आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच, "मे संपायच्या आत या. मला भीती वाटते." पाकीट चिकटवून ती स्वतः चालत जाऊन पेटीत टाकायची. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

घरात दोघीच. ती आणि सासू यमुनाबाई. यमुनाबाई तोंडानं फटकळ, पण सुनेच्या ताटात मासळीचा चांगला तुकडा न चुकता पडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तेजस्वीची आई ती शाळेत असतानाच गेली होती. तिथं जाणार कुणाकडे? म्हणून सातव्या महिन्यात यमुनाबाईनं आपल्या घरच्या रीतीनं तोड काढली. चार घरं सोडून राहणारी सुंदराबाई आई म्हणून मानायची, ओटी भरून सुनेची तिच्याकडे पाठवणी करायची, एक रात्र तिथं काढायची आणि दुसऱ्या दिवशी सासूनं जाऊन मानानं परत आणायचं.

तेजस्वी नारळ-तांदळाची जड ओटी सांभाळत गेली. सुंदराबाईनं घावणे घातले, कौतुक केलं. पण दुपारी अचानक मळभ आलं आणि तेजस्वीला आठवलं, घरासमोरच्या खळ्यात आंबापोळीची ताटं उघडी पडलीत आणि सासूबाई तर बाजारात. ती तशीच लगबगीनं घरी आली आणि ताटं आत घेतली. पाऊस काही पडला नाही. आता आलोच आहोत तर पुन्हा कुठं जायचं, म्हणून तिनं चहा टाकला.

यमुनाबाई आली ती दारातच थबकली.

"तू कशी आलीस गो?"

"मळभ आलं होतं."

"मी आनायला आले नव्हते."

"आता आले ना मी," तेजस्वी हसत म्हणाली.

यमुनाबाई हसली नाही. चपला काढून ती आत गेली.

संदेशचं पुढचं पत्र आलं ते चमत्कारिक. "तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. एकात आंबापोळी वाचवलीस ते. पण दुसरं कुठून लिहिलंस? रत्नागिरी स्टँडवर बसलेय म्हणतेस. अशा अवस्थेत कुठं निघालीस?"

तेजस्वीनं ते दोनदा वाचलं. ती स्टँडवर गेलीच नव्हती. एकच पत्र टाकलं होतं. थट्टा करतोय झालं, असं म्हणून तिनं लिहून टाकलं, "मी घरीच आहे, तुम्ही मे संपायच्या आत या."

त्यावर उत्तर आलं, "कोटा स्टेशनवर फार ऊन असतं म्हणतात. गाडी बदलताना जपून."

कोण लिहितंय? कशासाठी? पुढच्या वेळी तो बाजारात उतरला तेव्हा तिनं त्याला फोनवर एक शब्द बोलू दिला नाही. "आधी त्या पत्राचा फोटो पाठवा."

फोटो आला. हिरवी शाई. तिचंच अक्षर. ळ ची शेपटी खाली ओढायची तिची खोडसुद्धा जशीच्या तशी.

"अहो, इकडे समुद्राचा वास कुठंच येत नाही. पाय सुजलेत, पण थांबणार नाही. मला आणायला कुणी आलं नाही, तेव्हा म्हटलं तुमच्याकडेच जावं. तुम्ही रजा घेऊ नका. मीच येतेय."

तिनं लगेच फोन लावला. "रजेचं काय केलंत?"

"रद्द केली. तू येतेयस ना?" संदेश खुशीत होता. "एक खोली बघितलीय. डॉक्टर पण जवळ आहे."

"मी घरी आहे! मी कुठंही येत नाहीये!"

"हॅलो? आवाज तुटतोय गं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्याच रात्री यमुनाबाईनं एकच ताट मांडलं. तेजस्वी बाजूला उभी होती.

"आई, माझं?"

सासू दचकली. "अगो बाय! तू हायस नाय काय." तिनं घाईनं दुसरं ताट घेतलं, पण भाकरी एकच भाजलेली होती. मग दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेजस्वीनं विहिरीवरून मारलेली हाक तिला ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईनं आतून कडी लावून घेतली, आणि तेजस्वीला खिडकीशी जाऊन दार उघडायला सांगावं लागलं.

सरळ विचार केला तर हे सगळं खुळचटपणाचं होतं. तेजस्वी बारावीला शास्त्र शिकलेली. पण रात्री तिला झोप लागेना. नवरा हातचा जाईल, मूल कुणाचं ठरेल, हे घर तरी आपलं राहील का? शेवटी सकाळी तिनं सासूचे दोन्ही हात धरले.

"आई, मी सुंदराकाकूंकडं जाऊन बसते. तुम्ही मला आणायला या. रीतीनं. याल ना?"

यमुनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "येते गो बाय. भात उतरवते नि येते."

सुंदराबाई कलमांच्या बागेत आंबे निवडायला गेली होती. तेजस्वी पडवीच्या पायरीवर बसली. ऊन पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं. वाटेवरून बकऱ्या गेल्या. कोणीतरी येतंय असं वाटून ती दोनदा उठली. भात केव्हाच उतरला असेल.

दुपार कलली तेव्हा तिनं संदेशचा नंबर लावला. आज लागला.

"हॅलो, कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तेजस्वी."

तो हसला. फोन बाजूला करून कुणाला तरी म्हणाला, "अगं, तुझ्याच नावाची कुणीतरी आहे बघ."

मग बाईचा आवाज. थकलेला. तो आवाज तेजस्वीनं आजवर फक्त आतूनच ऐकला होता.

"ताई, पोटुशी असताना अशा उन्हात बसू नये," ती मायेनं म्हणाली. "अजून कुणी आलं नाही का आणायला?"

तेजस्वीनं फोन बंद केला.

ती उठली आणि घराकडे चालू लागली. वाट तीच होती. चार घरं.

यमुनाबाई खळ्यात आमसुलं गोळा करत होती. हातातली परात खाली ठेवून तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"आई, तुम्ही येणार होतात."

यमुनाबाईची नजर तिच्या पोटावर गेली, आणि चेहरा हळवा झाला. "बसा, बसा. येवढ्या उन्हाच्या चालत आलात? आमची सून पन अशीच दिवसांतली. पोराकडं गेलीय. पोचली म्हनून आत्ताच फोन आला, तेवढा जीव भांड्यात पडला."

ती आत गेली. तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आली, आणि दोन्ही तेजस्वीसमोर पायरीवर ठेवलं. मग पदर सावरून, पाहुण्यांना विचारतात तसं अदबीनं तिनं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

तेजस्वीनं सांगायला तोंड उघडलं, आणि मग थांबली. तिला आठवावं लागत होतं.