धन्यांच्या दिवाणखान्यातली चूल

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधेच हसलेलं मी खपवून घेणार नाही.

हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय. जेनोव्हात, नव्या रस्त्यावर, आमचे धनी अन्साल्दो रोव्हेन्यो यांच्या महालात. आणि रात्रीबित्री नाही, भर दुपारी. सान जोव्हान्नीच्या सणाच्या आदल्या दिवशी.

मी तिथे चादरी धुवायला होते.

तो महाल उभा राहायच्या आधी त्या जागेवर आमची आळी होती. उताराची, अरुंद, ओल आलेली. पण आमची.

उमरावांना एका रांगेत महाल हवे होते आणि समोर रुंद रस्ता. आळी पाडली. माझी आई, अर्जेंता, चुलीपुढून उठेना. मग धन्यांच्या माणसांनी आधी छप्पर काढलं. ती पावसात तशीच बसून राहिली. तापाने गेली.

आणि त्याच जागेवर मी कामाला लागले. दुसरीकडे कुठे जाणार? गावातली सगळी कामं त्यांच्याच घरांत.

त्या वर्षी परदेशचा एक दूत यायचा होता. राज्याचा पाहुणा कुठल्या उमरावाने ठेवून घ्यायचा, याची आमच्याकडे चिठ्ठी निघते. धन्यांची निघाली. महालात नुसती धावपळ उडाली.

तेव्हाच तो आवाज सुरू झाला...

ठक. ठक. ठक.

खलबत्त्यात कुणीतरी लसूण कुटत होतं.

स्वयंपाकघर खाली होतं. आवाज वरच्या दिवाणखान्यात येत होता. भिंतीतून.

मग वास यायला लागला... लसूण आणि ओल्या लाकडाचा धूर.

धन्यांच्या बायको, व्हिओलान्ते बाईसाहेब, तणतणत आल्या.

"वर लसूण कुणी आणला? लुकिना, तूच ना? महालात आणलं तरी तुमच्या आळीची घाण काही जात नाही!"

"माझे हात हुंगून बघा, बाईसाहेब."

थोबाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी धन्यांनी भिंत फोडायला लावली. सोनेरी वेलबुट्टीचा गिलावा खाली कोसळला. आत पोकळी नव्हती. अख्खा दगड होता. मी हात लावला...

दगड ऊन होता. चुलीमागची भिंत असते ना, तसा.

धनी हसले. "तुझी आई दिसतेय गं! सांग तिला, पाहुणे येताहेत, जरा गप बस म्हणावं."

सगळे हसले. मी मनात म्हटलं, कूट आई. अजून जोरात कूट.

मेजवानीच्या दुपारी त्या भगदाडावर भरजरी पडदा सोडला होता. त्याला पाठ लावून धनी, शेजारी दूत. मी दाराशी हात पुसायची फडकी घेऊन उभी. मासा वाढला गेला.

आणि ठकठक थांबली.

चमच्यांचा आवाज थांबला. रस्त्यावरची गाढवंही गप्प झाली...

पडद्यामागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "ऊठ."

दूत ताडकन उभा राहिला. "कोण बोललं?"

"ऊठ."

एकेक करून सगळी पंगत उठली. धनी तेवढे बसून राहिले. खुर्चीला घट्ट धरून. चेहरा लाल.

"बसा सगळे! हे माझं घर आहे! कोणी नाहीये तिथे!"

पुढच्याच क्षणी ते किंचाळले.

अंगरखा काढला तेव्हा त्यांची पाठ भाजलेली होती. फोडच फोड. वरच्या मखमलीला मात्र साधा डागही नव्हता.

दूत तासाभरात दुसऱ्या उमरावाकडे हलला. राज्यभर धन्यांची छी-थू झाली. बाईसाहेब रडत होत्या, आणि मला मनातून इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू.

दिवाणखाना रिकामा झाल्यावर मी आत गेले. पडदा बाजूला केला. दगडावर गाल टेकला.

"आई, मी लुकिना. शाबास गं! बरी जिरवलीस त्यांची."

मी कान लावून ऐकू लागले...

मग अगदी माझ्या कानाशी...

"कोण आई?"

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज होता तो.

"तूही ऊठ इथून."

मी पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. पुन्हा तिथे कामाला गेले नाही. हल्ली बंदरापाशी जाळी दुरुस्त करते. आळीतली म्हातारी माणसं भेटली की विचारते, आमच्या आधी तिथे कोण राहायचं? त्यांना कसं उठवलं? कुणी उठवलं?

कुणालाच ठाऊक नाही.

धन्यांवरचा माझा राग अजून तसाच आहे, तो मरेपर्यंत जायचा नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या आवाजातही तितकाच राग होता...

आणि तो माझ्यावर होता.