आधी खूण, मग मजकूर

क्रेगीबर्नमधला सहावा लॉकडाऊन. डायनिंग टेबलच्या एका टोकाला ओजसची ऑनलाइन शाळा, दुसऱ्या टोकाला माझं ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं काम आणि दोन्हीच्या मध्ये माझं फिरलेलं डोकं.

काम सांगायला सोपं. डिस्कवर आधी मजकूर उतरवायचा, तो खरंच उतरला याची खात्री करायची आणि मगच 'पूर्ण' अशी खूण लिहायची. पण डिस्क एक नंबरची थापाडी. मजकूर अजून कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच, आणि ही आपली "लिहिलं" म्हणून मोकळी! म्हणून मी दिवसभर गॅरेजमधल्या मशीनचा प्लग उपटायचे आणि डिस्कवर काय उरलं ते बघायचे.

चाचणीसाठी आईच्या फोनची रेकॉर्डिंग्ज लावली होती. ती पुण्यात, हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर. इकडे परदेशात सीमा बंद, मला निघता येईना. फोन संपला की रेकॉर्डिंग डिस्कवर जायचं आणि मागोमाग खूण: वेळ आणि लांबी.

मंगळवारी एक खूण सापडली. मजकूर नव्हताच. वेळ उद्याची, बुधवारची, चार वाजून दोन मिनिटं. लांबी नऊ मिनिटं.

"घड्याळ चुकलं असेल. No worries," मॅनेजर म्हणाला. याला कशाचीच worry नसते.

बुधवारी बरोबर चार वाजून दोन मिनिटांनी आईचा फोन आला. नऊ मिनिटांनी "येते गं" म्हणून तिने ठेवला. फोन ठेवतानाही ती दारातून निघाल्यासारखं 'येते' म्हणते. 'जाते' म्हणायचं नसतं, हे मला तिनेच शिकवलं.

मी चिडून कोड पुन्हा वाचला, कोरी डिस्क लावली. गुरुवारी तिच्यावर खूण होती. शुक्रवार, चार दहा. दोन मिनिटं अकरा सेकंद. त्याखाली यादी बंद केल्याची खूण. आणखी काही यायचं नसेल तेव्हाच माझा प्रोग्राम ती लिहितो.

शुक्रवारी चार दहाला फोन वाजला. काही झालं तरी तिला बोलत ठेवायचं, मी ठरवलं होतं.

"आज अगदी मोकळं वाटतंय बघ," आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता, धाप नव्हती.

"आई, रव्याच्या लाडवांचं प्रमाण सांग. सावकाश सांग."

तिने सांगितलं. दीड मिनिट झालं.

"आणि पाक?"

"एकतारी गं. किती वेळा सांगायचं?"

दोन मिनिटं.

"आई, ठेवू नकोस. ओजसशी बोल. ओजस, इकडे ये!"

"In class, Mum!"

"असू दे त्याला," आई म्हणाली. "जाते गं."

दोन मिनिटं, अकरा सेकंद.